सात दिवसांत गाव कळलं म्हणे!

बांधकरी:
काल इथं एकांनी लिहिलं की एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, हिवाळी शिबिरानं शहर-खेड्यातली दरी बुजते, सात दिवसांत पोरांना 'खरा भारत' कळतो. सोबत फोटो. झाडू कोरे करकरीत.

मी तसल्याच फोटोतल्या झेडपी शाळेत शिकलोय. सातवीत होतो, शिबिर आलं, आमचे दोन वर्ग रिकामे करून दिले. चुलतीनं पहाटे झाडलेलं देवळापुढचं पटांगण पोरांनी आठ वाजता पुन्हा झाडलं. रात्री व्यसनमुक्तीचं पथनाट्य. दारुडा धोतरात, शहाणा पँटीत. एका ताईनं मला विचारलं, "तुमच्याकडे लाईट असते का रे?" डोक्यावर ट्यूब जळत होती.

पुढं शहरात कॉलेजला गेलो. तीन वर्षं शेजारच्या बाकावर गाव बसलं होतं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. 'मी आलतो' म्हणालो की हशा तेवढा पिकायचा. तोच वर्ग डिसेंबरात टेम्पोत बसून गाव बघायला निघाला!

निवृत्त_मास्तर:
नऊ वर्षं कार्यक्रम अधिकारी होतो, म्हणून झोंबलं. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीला, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली ती झाडू मारायला नव्हे. दोन वर्षांत २४० तास काम, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर, तेही दत्तक गावात. आमचं अनुदान शिबिर उरकल्यावर यायचं, तोवर किराणा माझ्या नावावर उधार. आम्ही माती भरलेल्या गोण्या रचून ओढ्यावर बांधलेला वनराई बंधारा जानेवारीभर पाणी धरून होता. फोटोवरून निकाल देऊ नका.

ओढ्याकाठचा:
जानेवारीभर? नशीबवान आहात. आमच्याकडं नाताळच्या सुट्टीत बांधला, तेव्हा ओढ्याला पाणी घोट्याएवढं. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात वाहतं पाणी अडवायचं असतं, आटल्यावर काय अडवणार? त्यात पोरांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या ठासून भरल्या. गच्च गोणी दगडासारखी होते, दुसरीवर बसत नाही, फटीतनं पाणी पळतं. पाऊण भरायची, तोंड शिवायचं, विटांसारखी सांधेमोड करून रचायची. माझ्या बापानं दोनदा सांगितलं. उत्तर काय? "काका, तुम्ही बसा सावलीत, आम्ही करतो."

निवृत्त_मास्तर:
आमच्या गोण्या पाऊणच होत्या.

ओढ्याकाठचा:
आणि पहिल्या पुरात गेल्या कुठं? उन्हानं फाटलेल्या गोण्यांच्या चिंध्या जुलैत आम्ही वावरातनं वेचतो. त्याचे तास धरता का २४० मध्ये?

पेठेतली:
धागा बंधाऱ्यात बुडाला, तरी बोलते. मी १० ग्रेस मार्कांसाठीच गेले होते, खोटं कशाला सांगू. सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन एका आजींच्या दारात उभी राहिले. "वार्षिक उत्पन्न किती?" त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाला पगार किती गं?" मला ठाऊकच नव्हतं! "मग ये आत, आधी चहा घे." फॉर्म कोराच राहिला. ११ वर्षं झाली, अजून दिवाळीला फोन असतो. सात दिवसच होते हो ते.

बांधकरी:
वा! एका फोनवर दरी बुजली. हजारांत एक पोरगी.

पेठेतली:
बुजली असं कुठं म्हटलं मी? आणि वर्गात तुमच्याशी कुणी बोललं नाही, त्याचा राग माझ्यावर का?

निवृत्त_मास्तर:
बांधकरी, गाव-गाव करताय, कुठलं गाव? एका वर्षी आमची मुलं दलित वस्तीत जेवली. दुसऱ्या दिवशी गावातनं शिबिराचं दूध बंद. कारण कुणी तोंडानं सांगितलं नाही. मुलं भडकली, पंचायतीत जाब विचारायला निघाली. वस्तीतल्यांनीच अडवलं, "तुम्ही परवा जाल, आम्हाला इथंच राहायचंय." तुमच्या शहर-खेड्याच्या हिशेबात ही दरी कुठं बसवायची?

बांधकरी:
दूध बंद करणारे आमच्या भावकीसारखेच असणार. यावर मला तोंड नाही. पण मास्तर, ओढ्याकाठच्यांचं उत्तर राहिलं. पाणी असताना शिबिर का घेत नाही?

निवृत्त_मास्तर:
ऑक्टोबरात सत्र परीक्षा असते हो.

ओढ्याकाठचा:
मग ओढ्याला वेळापत्रक पाठवून द्या.