बालकथेतले आजोबा शेवटच्या पानावरच का जातात?

माहुलीकर: 8-10 वर्षांच्या मुलांसाठीच्या कथेत आजोबा हमखास शेवटच्या परिच्छेदात जातात. नातू आभाळाकडे बघतो, चांदणी लुकलुकते, संपली गोष्ट. माझं म्हणणं, कथा 1500 शब्दांची असेल तर मरण 900च्या आत उरका. उरलेले 600 शब्द पोराला लागतात: रिकामी कॉट, औषधांचा डबा कुणी उचलायचा, सुतकात शाळेत जायचं का. आणि सिनेमातलं मरण नको. शेवटच्या दिवसांत माणूस जेवत नाही, झोपूनच असतो, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. हे आधीच दोन वाक्यांत आलं की धसका कमी बसतो.

वाईचा घाट: अजिबात पटलं नाही. गेलेलं माणूस परत येत नाही, हे बहुतेक मुलांना 5 ते 7 वर्षांच्या दरम्यान कळतंच. कळत नाही ते हे, की आज आजोबांपाशी बसून करायचं काय. चमच्यानं पाणी पाजायचं, पाय चेपायचे, पेपर वाचून दाखवायचा. तिथंच थांबा की! श्वासाचं ते वर्णन वाचून पोरं रात्री झोपतील का?

माहुलीकर: मग अपराधीपणाचं काय? "मी चिडलो म्हणून आजोबा गेले" असं या वयात खरंच वाटतं, आणि ते वर येतं मरणानंतर. दहाव्याला संगम माहुलीला पिंड मांडलाय, कावळा शिवत नाही, मोठी माणसं कुजबुजतायत, "कशात तरी जीव अडकलाय." पोरगं काय समजेल?

कोरेगावचा वाचक: प्रसंग जोरदार, पण लेखक तो नासवतात. नातू मनात माफी मागतो आणि कावळा झटकन येतो. म्हणजे आला नसता तर दोष पोराचाच! कावळा येऊच देऊ नका. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, ते दाखवा. मग चुलत्यानं सरळ सांगावं, "त्यांचं हृदय थकलं होतं. चिडल्यानं कुणी मरत नाही." "झोपी गेले" मात्र लिहू नका, पोरं झोपायला भितात.

वाईचा घाट: चुलता कशाला? आजोबांनीच कॉटवरून म्हणावं, "चिड की लेका, मी कुठं रुसतोय." दहाव्यापर्यंत जायची गरजच उरत नाही.

माहुलीकर: आणि आजोबा बोलायच्या अवस्थेतच नसले तर?