दक्षिणेत गावाबाहेर हिवाळ्यापुरतं घर: ऑफर देण्याआधी काय काय तपासावं?

माळरान:
मिशिगनच्या थंडीतून सुटका म्हणून नोव्हेंबर ते मार्च राहण्यासाठी दक्षिणेत घर शोधतो आहे. शहर नको, थोडी जमीन हवी. यादीत तीन जागा उरल्या आहेत: उत्तर फ्लोरिडात ४ एकरांवर १९९८ चं डबलवाइड (कारखान्यात दोन भागांत बनवून जागेवर जोडलेलं घर), दक्षिण जॉर्जियात १२ एकरांवर विटांचं जुनं घर आणि अलाबामात ३ एकरांवर लाकडी घर. तिन्हीकडे बोअरचं पाणी आणि सेप्टिक. एजंट दाखवतो तो प्रॉपर्टी टॅक्स फारच कमी वाटतो. तो खरा धरावा का? बाकी काय बघावं? उन्हाळाभर घर बंद राहिल्याने काय बिघडतं? मी भारतीय नागरिक आहे, ग्रीनकार्डवर. त्याने काही अडतं का?

सातबारा:
तो आकडा खरा आहे, पण विकणाऱ्यापुरता. या राज्यांमध्ये स्वतः राहत्या मुख्य घराला सवलत असते, हिवाळी घराला नसते.

फ्लोरिडात होमस्टेड (राहत्या मुख्य घराची सवलत) असलेल्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के वाढू शकतं. मालक वीस वर्षं तिथे असेल तर ते बाजारभावाच्या निम्म्यावरही राहिलेलं असतं. विक्री झाली की पुढच्या १ जानेवारीला ते बाजारभावावर येतं. त्यापुढे तुम्हाला वाढीची मर्यादा १० टक्के, तीही शाळेच्या कराला लागू नाही. काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या (करासाठी मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) साइटवर बहुतेक ठिकाणी अंदाज काढायची सोय असते. तिथे तुमची खरेदी किंमत टाका आणि होमस्टेड 'नाही' करा. अलाबामात मालक राहत असलेल्या घराचं करपात्र मूल्य बाजारभावाच्या १० टक्के धरतात, दुसऱ्या घराचं २० टक्के, म्हणजे कर दुपटीहून थोडा वरच. उद्या साउथ कॅरोलिना यादीत आली तर तिथे हेच प्रमाण ४ आणि ६ टक्के आहे, शिवाय ६ टक्क्यांवाल्यांना शाळेच्या खर्चाचा कर माफ नाही.

जॉर्जियाच्या १२ एकरांबद्दल आधी एकच प्रश्न विचारा: जमीन 'सीयूव्हीए'खाली आहे का? शेती किंवा झाडांसाठी जमीन राखण्याचा तो काउंटीशी केलेला १० वर्षांचा करार असतो आणि त्यामुळेच कर कमी दिसतो. खरेदीनंतर तो पुढे चालू ठेवायचा अर्ज तुम्ही मुदतीत केला नाही किंवा जमिनीचा वापर बदलला, तर वाचलेल्या कराच्या दुप्पट दंड बसतो. करार कोणत्या वर्षी सुरू झाला आणि मोडल्यास दंड कोण भरणार, हे खरेदीच्या कागदातच लिहून घ्या.

फ्लोरिडात होमस्टेड आणि मिशिगनमध्ये राहत्या घराची सवलत, दोन्ही एकाच वेळी घेऊ नका. सापडल्यावर फ्लोरिडा १० वर्षांपर्यंतचा मागचा कर, ५० टक्के दंड आणि वर्षाला १५ टक्के व्याज लावतं.

नागरिकत्वाने अडत नाही. फ्लोरिडाचा २०२३ चा जमीनखरेदीवर बंधनं घालणारा कायदा चीन, रशिया, इराण अशा ठरावीक देशांसाठी आहे. भारत त्यात नाही. मात्र तो कायदा आपल्या आड येत नाही असं शपथपत्र प्रत्येक खरेदीदाराला क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होण्याच्या) वेळी द्यावं लागतं.

पाणाड्या:
घरगुती बोअरच्या पाण्याला केंद्राचे पिण्याच्या पाण्याचे नियम लागू नाहीत. तपासणी तुमची तुम्हीच करायची. राज्याच्या मान्यताप्राप्त लॅबमधून कोलिफॉर्म जंतू, नायट्रेट, आर्सेनिक आणि शिसं बघा. शेताजवळ नायट्रेट महत्त्वाचं: १० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर नको. नमुना घेण्याआधी पाण्यात क्लोरीन आहे का ते पट्टीने पाहा. दोन दिवसांपूर्वी बोअरमध्ये ब्लीच ओतलं असेल तर जंतूंचा रिपोर्ट स्वच्छच येतो. मग महिन्याभराने पुन्हा तपासा.

सडक्या अंड्यांचा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर दोष बहुधा वॉटर हीटरमधल्या मॅग्नेशियमच्या दांड्याचा असतो, बोअरचा नाही. थंड पाण्यालाही येत असेल तर फिल्टरचा खर्च धरा. तासभर नळ सोडून प्रवाह मोजा. मिनिटाला ५ गॅलन मिळाले तर ठीक, ३ च्या खाली सोडून द्या. पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल तर प्रेशर टँकमधली हवा गेलेली आहे. ४०/६० च्या स्विचला (४० पीएसआय दाबाला पंप चालू, ६० ला बंद) रिकाम्या टँकमध्ये ३८ पीएसआय हवा लागते.

सेप्टिकबद्दल जरा सविस्तर, कारण पैसे इथेच बुडतात. मालक म्हणेल, 'कालच टाकी उपसून दिली.' ते आपल्याला नको असतं. टाकी भरलेली असतानाच झाकण उघडायचं आणि पातळी बघायची. बाहेर जाणाऱ्या पाइपच्या वर पाणी असेल तर ड्रेनफिल्ड (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा भाग) तुंबलेलं आहे. मग तुमच्यासमोर उपसायला लावा आणि ड्रेनफिल्डकडून पाणी उलटं टाकीत येतंय का ते पाहा. येत असेल तर पुढे जाऊ नका. घर कित्येक महिने रिकामं असेल तर ड्रेनफिल्ड आपोआप सुकतं आणि दोन फ्लशच्या तपासणीत सगळं छान दिसतं. तिथे टाकीत शेकडो गॅलन पाणी सोडून लोड टेस्ट करा. काउंटीच्या आरोग्य खात्यात परमिट मिळतं, त्यात किती बेडरूमसाठी मंजुरी आहे ते वाचा. दोनची मंजुरी आणि जाहिरातीत चार बेडरूम, असं बऱ्याचदा निघतं.

रस्ता शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर नोंदवलेलं इझमेंट (तिथून जाण्याचा कायदेशीर हक्क) हवं. 'तीस वर्षं असंच चाललंय' यावर विसंबू नका. नवा सर्व्हे करा, कुंपणाला हद्द समजू नका.

कौलारू:
डबलवाइडच्या दोन अर्ध्या भागांना दोन वेगळी टायटलं (मालकीची कागदपत्रं) असतात, गाडीसारखी. जमीन वेगळी, घर वेगळं. दोन्ही टायटलं विकणाऱ्याच्या नावावर आहेत का आणि घर 'रिअल प्रॉपर्टी' (जमिनीसकट स्थावर मालमत्ता) म्हणून नोंदलंय का ते बघा, नाहीतर कर्जाचं जमणार नाही. १९९८ हे साल चांगलं, कारण वाऱ्याचे कडक नियम १९९४ पासून आहेत. किचनच्या कपाटात किंवा इलेक्ट्रिक पॅनेलजवळ माहितीपत्रक चिकटवलेलं असतं. त्यावर विंड झोन (घर किती वारा सोसेल तो वर्ग) २ किंवा ३ असायला हवा. १ असेल तर ते घर फ्लोरिडासाठी बांधलेलंच नाही.

विम्याचा भाव ऑफरच्या आधी काढा. चक्रीवादळाचं डिडक्टिबल टक्क्यांत असतं: २ लाख डॉलरच्या विम्यावर ५ टक्के म्हणजे पहिले १०,००० डॉलर तुमचे. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, सरकारी योजनेत घराला कमाल २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलर. तो ३० दिवसांनी लागू होतो. कर्जाच्या क्लोजिंगबरोबर घेतला तरच लगेच. समुद्र लांब आहे म्हणून गाफील राहू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या टेलर काउंटीत किनाऱ्यावर आलं आणि जॉर्जियातून वर सरकत नॉर्थ कॅरोलिनाचे डोंगर बुडवून गेलं. तुमच्या पहिल्या दोन जागा त्याच पट्ट्यात असू शकतात.

घर वर्षातले सात महिने बंद असेल हे कंपनीला लेखी कळवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ३० किंवा ६० दिवस रिकाम्या घरातली पाइपगळती आणि तोडफोड वगळलेली असते. अग्निशमन केंद्र रस्त्याने ५ मैलांच्या आत आहे का तेही मोजा. पलीकडे असेल तर हप्ता बराच चढतो.

पाणाड्या:
उन्हाळ्याचं राहिलं. घराला दमट हवा मारते. एसी ७८ ते ८० फॅरनहाइटवर चालू ठेवा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी. हमखास बिघाड एकच: एसीच्या पाण्याच्या नळीत शेवाळ साचतं, फ्लोट स्विच मशीन बंद करतो आणि दोन आठवड्यांत कपाटांवर बुरशी चढते. म्हणून आर्द्रतेचा इशारा फोनवर देणारा थर्मोस्टॅट, आणि महिन्यातून एकदा येऊन नळीत कपभर व्हिनेगर ओतणारं माणूस, दोन्ही हवं. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या काँटॅक्टरमध्ये (विजेच्या स्विचमध्ये) लाल मुंग्या शिरून तो जळतो, तिथे मुंग्यांची पावडर टाकून जा.

निघताना आधी वॉटर हीटरचा ब्रेकर बंद, मग पंपाचा, मग नळ उघडून दाब काढा. हीटर चालू राहून टाकी रिकामी झाली तर एलिमेंट जळतं. सिंक आणि शॉवरच्या जाळीत दोन चमचे मिनरल ऑइल ओता, म्हणजे ट्रॅपमधलं (खालच्या वाकड्या पाइपमधलं) पाणी आटून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. फ्रिज रिकामा करून दारं अडकवून उघडी ठेवा.

माळरान:
सर्वांचे आभार. एसी बंद ठेवून नुसता डीह्युमिडिफायर चालेल का? विजेचं बिल वाचेल.

पाणाड्या:
नको. तो खोलीतच उष्णता सोडतो, बंद घर आणखी तापतं, आणि बादली भरली की थांबतो. जोडीला ठेवायचा असेल तर ५५ टक्क्यांवर लावून त्याची नळी सिंकमध्ये सोडा.