मदत हवी आहे: घरी बनवलेल्या ऑम्नी स्पीकरमध्ये १.५ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येणारा उंचवटा आणि खड्डा

नमस्कार.

गेले पाच महिने मी पुण्यातील घरी ऑम्नी, म्हणजे चहूबाजूंना सारखा आवाज देणाऱ्या स्पीकरची जोडी तयार करत आहे. काम बरेच पुढे गेले आहे, परंतु एका ठिकाणी अडलो आहे. ज्यांनी शंकू किंवा गोळा परावर्तक म्हणून वापरून स्पीकर बांधले आहेत, त्यांचा सल्ला मला हवा आहे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त म्युनिकला गेलो असताना तेथील हाय एंड प्रदर्शनात बर्लिनच्या एमबीएल कंपनीचे रेडियलश्ट्रालर स्पीकर ऐकले. त्यांत नेहमीचा कागदी पडदा नसतो. कलिंगडाच्या फोडींसारख्या पातळ पट्ट्या उभ्या एकमेकींना लागून बसवलेल्या असतात आणि व्हॉइस कॉइलने, म्हणजे चुंबकात हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीने, एका टोकाकडून ढकलले की त्या साऱ्या एकदम बाहेर फुगतात. मधल्या आणि वरच्या सुरांसाठी या पट्ट्या कार्बन फायबरच्या असतात. खोलीत जागा बदलून पाहिली, तरी आवाजाचा पोत बदलत नव्हता. घरगुती बैठकीत तानपुऱ्याशेजारी बसा किंवा दाराशी, जवारीचा झंकार जसा सगळीकडे भरून राहतो, तसे काहीसे ते होते, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तशा पट्ट्या घरी बनवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून मी परावर्तकाचा मार्ग घेतला. १६० मिलिमीटर बाह्य व्यासाचा, ९० सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप खालून बंद केला आणि वरच्या तोंडाला ४ इंची फुलरेंज ड्रायव्हर (खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर एकटाच वाजवणारा, आवाज काढणारा भाग) छताकडे तोंड करून बसवला. आतले आकारमान सुमारे १६ लिटर भरते. एवढ्या लांबीच्या बंद पाइपमध्ये १९० हर्ट्झच्या आसपास घुमारा येतो. तो उशीत भरतात त्या पॉलिएस्टरच्या कापसाने, खाली दाट आणि वर विरळ भरून, चांगला आटोक्यात आला. ड्रायव्हरच्या वर तीन बारीक सळ्यांवर सागवानाचा उलटा, टोक खाली ड्रायव्हरकडे असलेला शंकू आहे. तळाचा व्यास १२ सेंटिमीटर, उंची ६ सेंटिमीटर, म्हणजे उतार बरोबर ४५ अंशांचा. तो लेथवर लाकूड कातणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला.

आता अडचण. ड्रायव्हरच्या पडद्याचा प्रत्यक्ष हलणारा व्यास ८ सेंटिमीटर आहे, त्यामुळे साधारण १.४ किलोहर्ट्झपर्यंत तो स्वतःच सगळीकडे आवाज पसरवतो आणि त्याच्या वर हळूहळू सरळ छताकडेच झेप घेऊ लागतो. शंकू काढून १ मीटर अंतरावरून बाजूने मोजले, तर १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५ किलोहर्ट्झची पातळी सुमारे १५ डेसिबलने खाली असते. शंकू बसवला की ३.५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग छान परत येतो. मात्र १.८ किलोहर्ट्झला ५ डेसिबलचा उंचवटा आणि २.७ किलोहर्ट्झला ७ डेसिबलचा खड्डा तयार होतो. गायकाचा आवाज त्यामुळे हाताचा द्रोण करून तोंडापुढे धरल्यासारखा ऐकू येतो. नेमक्या याच पट्ट्याला आपला कान फार संवेदनशील असल्याने हा दोष मला सोडून देता येत नाही.

मोजमापे आरईडब्ल्यू या ध्वनिमापनाच्या सॉफ्टवेअरने आणि यूमिक-१ या मापनाच्या मायक्रोफोनने, हॉलच्या मध्यभागी, जमिनीपासून १ मीटर उंचीवर केली आहेत. जमिनीवरून परावर्तित आवाज ३.६ मिलिसेकंदांनी उशिरा येतो, तेवढ्यावरच मोजमाप छाटले आहे, म्हणून ३०० हर्ट्झखालच्या आकड्यांवर मी विसंबत नाही. स्पीकर दर ३० अंशांनी फिरवून पाहिला असता आलेख एकमेकांपासून १.५ डेसिबलपेक्षा जास्त हलत नाहीत. याचा अर्थ आडव्या पातळीतील सारखेपणा साधला आहे आणि दोष ड्रायव्हर व शंकू यांच्यामधल्या जागेचाच आहे, असे मला वाटते. कदाचित शंकूवरून काही आवाज पडद्याकडे परत जाऊन पुन्हा बाहेर येत असावा. शिवाय २ किलोहर्ट्झची तरंगलांबी १७ सेंटिमीटर असते. १२ सेंटिमीटरच्या शंकूला ती पुरती वळवता येणे कठीणच.

मी करून पाहिलेले उपाय असे. शंकूच्या टोकाचे पडद्यापासूनचे अंतर १ सेंटिमीटरवरून ३ सेंटिमीटर केले, तेव्हा उंचवटा ३ डेसिबलवर आला, पण ८ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज ४ डेसिबलने पडला. टोकाला लोकरीचा लहान बोळा लावल्यावर खड्डा २ डेसिबलने भरला, मात्र तानपुऱ्याचे वरचे स्वर मंदावले. इक्वलायझरने उंचवटा खाली आणता येतो; खड्डा मात्र लहरी एकमेकींना रद्द करतात म्हणून पडलेला असेल, तर तेथे कितीही शक्ती ओतली तरी ती छताकडे आणि जमिनीकडेच जाईल, असे मला वाटते, म्हणून तो मार्ग मी शेवटी ठेवला आहे.

माझे प्रश्न आता सांगतो. शंकूचा तळ २४ सेंटिमीटर केला, तर त्याचा प्रभाव १.४ किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरेल, परंतु सरळ ४५ अंशांचा उतार ठेवावा की टोकाशी उभा आणि कडेकडे आडवा होत जाणारा, कर्ण्याच्या तोंडासारखा वक्र उतार द्यावा? रेलिंगवर लावतात ते स्टीलचे पोकळ गोळे सहज मिळतात. जर्मनीच्या ड्यूव्हेल कंपनीच्या प्लॅनेट्स या स्पीकरमध्येही गोळेच आहेत. मात्र गोळा आवाज वर आणि खालीही पुष्कळ फेकेल, आणि माझ्या हॉलमध्ये सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, त्यांवरून तो परत उसळेल. कुणी दोन्ही आकार एकाच ड्रायव्हरवर मोजून पाहिले आहेत का?

दुसरा पर्याय स्पीकर-रचनाकार झिगफ्रीड लिंकविट्झ यांच्या प्लूटो या स्पीकरचा. त्यातही पाइपच्या तोंडाला वर पाहणारा वूफर आहे, पण सुमारे १ किलोहर्ट्झच्या वर ऐकणाऱ्याकडे तोंड केलेला २ इंची ड्रायव्हर काम पाहतो आणि परावर्तकाची गरजच उरत नाही. दोष निश्चित जाईल, हे मला कळते. तरीही वरचे सूर मग पुढच्या दिशेलाच झुकतील आणि ज्या गुणासाठी मी हे काम हाती घेतले, तोच थोडा हातचा जाईल. प्लूटो बांधलेल्यांनी बाजूला बसून ऐकताना किती फरक जाणवतो ते सांगितले, तर मोठी मदत होईल.

स्पीकर भिंतींपासून किमान १ मीटर दूर ठेवावेत, म्हणजे भिंतीवरचा आवाज सुमारे ६ मिलिसेकंदांनी मागे राहतो, हा लिंकविट्झ यांचा सल्ला मी पाळू शकतो. हॉल १२ फूट बाय १६ फुटांचा असून स्पीकरची जागा पक्की आहे.

कारागिराकडे पुढील आठवड्यात पुन्हा जायचे आहे आणि त्याला हवा असलेला वक्र कागदावर काढून द्यावा लागेल. मोठ्या शंकूसाठी सागवान महाग पडते, म्हणून एकदाच नीट ठरवून करून घ्यावे, असा विचार आहे. मोजमापांच्या मूळ फाइली आणि शंकूचे रेखाचित्र हवे असल्यास मी येथेच जोडेन.

धन्यवाद.