परस्पर संमतीचा घटस्फोट: कन्सेंट टर्म्समध्ये मुलीच्या भेटीचं कलम कसं लिहावं?

सायलीचा_वेल
पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली अर्ज करायचा आहे. मुलगी ७ वर्षांची, दुसरीत. ताबा आईकडे, यावर दोघांचं एकमत. वडील ठाण्यात. कन्सेंट टर्म्सच्या (दोघांनी संमतीने ठरवलेल्या अटींच्या) मसुद्यात भेटीबद्दल एकच ओळ आहे: 'वडील परस्पर सोयीनुसार मुलीला भेटतील.' एवढं पुरेल का? सण, सुट्ट्या, खर्च, पासपोर्ट यांचं काय लिहून घ्यावं?

काळा_कोट
ती ओळ आधी काढा. आज पटतंय म्हणून ती सोपी वाटते. उद्या बिनसलं आणि दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावायची वेळ आली, तर हुकूमनाम्यात (कोर्टाच्या अंतिम आदेशात) वार नाही, वेळ नाही. कोर्ट अंमल कशाचा करणार?

असं लिहा: 'महिन्याचा पहिला व तिसरा शुक्रवार संध्याकाळी ७ पासून त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत, रात्रीच्या मुक्कामासह.' शेवटचे दोन शब्द गाळले की पहिलं भांडण तिथेच होतं. 'एक आड एक शनिवार' नको, एक भेट चुकली की पुढची कुठली हे कुणालाच ठरवता येत नाही. मोजणी शुक्रवारने करा, कारण १ तारखेलाच शनिवार आला तर पहिला शनिवार पहिल्या शुक्रवारच्या आधी येतो.

पुणे-ठाणे प्रवास सात वर्षांच्या मुलीला महिन्यातून दोनदा जड जातो. दोनपैकी एका वेळी वडिलांनी पुण्यात राहावं, दुसऱ्या वेळी ठाण्याला न्यावं. नेणं एकाकडे, परत आणणं दुसऱ्याकडे. ही विभागणी नावानिशी लिहा.

सणांचं कलम वेगळं हवं आणि त्यात 'सणाचं कलम शनिवार-रविवारच्या कलमावर मात करील' हे वाक्य हवंच. लक्ष्मीपूजन सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे, भाऊबीज उलट. वडिलांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असेल तर चतुर्थी आणि दुसरा दिवस नेमका लिहा, 'गणपतीत' एवढंच नको. मे महिन्याची सुट्टी 'शाळेने जाहीर केलेल्या तारखांची निम्मी' अशी मोजा.

पाटी_दप्तर
मुलीच्या बाजूने काही गोष्टी. दोघांत ताण असेल तर तिला शाळेतून न्या-आणा, म्हणजे दारात बाचाबाची होत नाही. पण मग शुक्रवारची वेळ ७ ऐवजी शाळा सुटण्याची लिहा. शाळेला आदेशाची प्रत आणि दोघांच्या सह्यांचं पत्र आधी दिलेलं हवं, नाहीतर गेटवर मूल सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

व्हिडिओ कॉल बुधवारी आणि भेट नसलेल्या रविवारी, ७.३० ते ८. फोन तिच्या हातात द्या आणि खोलीतून बाहेर जा. या वयाचं मूल पाच मिनिटांत कंटाळतं. त्याचा अर्थ 'आईने शिकवलंय' असा काढू नये.

कपडे, ब्रश, चालू औषधं दोन्ही घरी ठेवा. प्रवास फक्त दप्तराचा. निरोप मात्र तिच्यासोबत पाठवू नका. 'बाबांना सांग फी भरायचीय' हे वाक्य तिला दोन्हीकडे अपराधी करतं. फीचं बोलणं ईमेलवर.

आणि अर्जानंतर कायद्याने थांबावे लागणारे ६ महिने वाया घालवू नका. २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ही मुदत माफ होऊ शकते, पण मूल असेल तर हेच वेळापत्रक तेवढा काळ चालवून पाहावं. जे जमत नाही ते हुकूमनाम्याआधीच दुरुस्त होतं.

काळा_कोट
वरच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन.

खर्चाचं: पोटगीची रक्कम, दर महिन्याची तारीख आणि दरवर्षी एप्रिलपासून किती टक्के वाढ, तिन्ही आकडे हवेत. शाळेची फी पोटगीत धरलीय की वेगळी, हे न लिहिल्याने फार वाद होतात. वेगळी असेल तर वडिलांनी थेट शाळेत भरावी. 'पोटगी १८ वर्षांपर्यंत' असंही लिहू नका. अविवाहित मुलगी स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नसेल तर १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली जबाबदारी पुढेही राहते. पोटगी थकली म्हणून भेट अडवायची नाही, भेट चुकली म्हणून पोटगी थांबवायची नाही, हे स्पष्ट शब्दांत घाला.

मुलीच्या पासपोर्टला दोघांच्या सह्यांचं ॲनेक्श्चर डी (पालकांचं संमतीचं घोषणापत्र) लागतं. 'मागितल्यापासून १५ दिवसांत सही' असं कलम ठेवा. परदेश प्रवासाआधी ३० दिवस तारखा, पत्ता आणि परतीचं तिकीट कळवावं. परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे मूल परत आणलं नाही तर मार्ग फार खडतर होतो.

सायलीचा_वेल
खूप आभार. 'संयुक्त ताबा' असा शब्द घालावा का? आणि आईची बदली झाली तर?

काळा_कोट
विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. कायद्यात तो बदल झालेला नाही, पण संमतीने तसं लिहिता येतं. शब्दापेक्षा शाळा बदलणं, शस्त्रक्रिया आणि परदेशवास हे तीन निर्णय दोघांच्या लेखी संमतीने, एवढं लिहिलंत तरी काम होतं.

बदलीसाठी ६० दिवसांची लेखी सूचना ठेवा. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली बदलून मागता येतो. मुलगी पाचवीत जाईल तेव्हा वेळापत्रक पुन्हा बसून ठरवायचं, हेही आत्ताच घाला.

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती चार तरी काढून ठेवा. शाळा आणि पासपोर्ट, दोन्हीकडे लागतात.