पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून साधी पडवी का काढता येत नाही?

गुहागरचा_शेजारी:
मंडळी, गावचं घर पाडून नवीन बांधतोय. भाचा पुण्यात बी.आर्कच्या शेवटच्या वर्षाला, म्हटलं घरचंच पोर आहे, काढू दे प्लॅन. थ्रीडी बघून बायको खूश. पण आमच्या मिस्त्रीने कागद उलटासुलटा केला आणि एकच विचारलं, "पागोळी पडणार कुठे?" छप्पर भिंतीबाहेर हातभरसुद्धा नाही, नैऋत्येला खालपासून वरपर्यंत काच, पडवी गायब, आणि सरपण, नारळ, ओल्या छत्र्या, गणपतीला येणारी वीस माणसं यांची सोय कुठेच नाही. पोरगं हुशार आहे हो, थीसिसला म्युझियम करतंय. पण कॉलेजात शिकवतात तरी काय?

अर्धवट_आर्किटेक्ट:
काका, भाच्याला ओरडू नका, मीही तशीच बाहेर पडले 😅 आम्हाला दुसऱ्या वर्षी राजापूरकडच्या एका गावात जुनी घरं मोजायला नेलं होतं, ओटी, माजघर, वासे, आढं सगळं टेप लावून मोजलं, शीट झकास झाली, मार्क मिळाले. पण गेलो डिसेंबरात! घरातल्या आजीला पावसात कुठनं गळतं, कपडे कुठे वाळत घालता, कोणी विचारलंच नाही. क्लायमेटचा वेगळा पेपर असतो, त्यात सूर्य, वारा, सगळं लिहितो आणि डिझाइनच्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, तेच विसरून जातो, कारण तिथे "कॉन्सेप्ट काय?" हाच प्रश्न.

जांभा_आणि_चुना:
रत्नागिरीत प्रॅक्टिस करतो, अधूनमधून शिकवायलाही जातो, म्हणून थोडं आमच्या बाजूने. जांभा दगड खाणीतून काढला की हवेवर कडक होतो, पण पाणी पितो, म्हणून पाऊस भिंतीपासून लांब ठेवायचा, पडवी त्यासाठीच. हे फळ्यावर दहा मिनिटांत सांगून होतं, हातात यायला एक पावसाळा साइटवर काढावा लागतो. आर्किटेक्ट लॉरी बेकर केरळात गवंड्यांबरोबर साइटवर उभे राहून बांधायचे, त्यांचं नाव प्रत्येक कॉलेजात घेतात, तसं उभं मात्र कोणी करत नाही. आता दुसरी बाजू. क्लायंट येतो तोच मुंबईच्या बंगल्याचा फोटो घेऊन, कौलं नकोत, सपाट स्लॅबच पाहिजे. दोन पावसाळ्यांत स्लॅब गळतो, मग त्यावर पत्र्याची शेड. २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात असे किती पत्रे उडाले ते बघितलंय. आणि १९७२ चा आर्किटेक्ट कायदा 'आर्किटेक्ट' हे नाव कोणी लावायचं ते ठरवतो, घर कोणी काढायचं ते नाही, त्यामुळे गावातली बहुतेक घरं आमच्या टेबलावर येतच नाहीत. मग पोरं म्युझियमच काढणार ना.

मालवणी_गवंडी:
माझो बापूस शाळेत चार बुकां शिकलो, पण पावसाची झड खंयसून येता ता बघल्याशिवाय दाराची चौकट उभी करी नाय. इतक्याच.

गुहागरचा_शेजारी:
धन्यवाद सगळ्यांना. भाच्याला जुलैत आठ दिवस गावी बोलावलंय, मिस्त्रीच्या घरीच जेवणार म्हणतोय. पडवी आली, काच गेली. आता भांडण एवढंच उरलंय की छप्पर बाहेर मिस्त्री अडीच फूट म्हणतो आणि भाचा दोन. जांभासाहेब, किती ठेवू?