पॉडकास्टच्या काळात रेडिओ टिकेल का?

प्रश्न (पंचवटी): घरातली तरुण मंडळी दिवसभर पॉडकास्ट ऐकतात, रेडिओ मात्र सकाळच्या बातम्यांपुरताच लागतो. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण थांबवले. आपल्याकडे ते किती काळ टिकेल?

उत्तर (निफाड): नॉर्वेत रेडिओ संपला नाही, डिजिटल झाला. शिवाय एका प्रक्षेपकावरून दहा जणांनी ऐकले काय किंवा दहा हजारांनी, खर्च तोच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्यामागे डेटा लागतो. द्राक्षाच्या छाटणीत, मोबाइलला रेंज नसतानाही, माझा दोन सेलचा संच वेलीला टांगलेला वाजत असतो.

उत्तर (नाशिक रोड): तंत्र टिकेल हो, पण आशयाचे काय? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसल्याने तेथे मुख्यतः गाणीच उरतात, आणि ती तर मोबाइलवर हवी तेव्हा मिळतात.