चतुराच्या शेपटीचा दोरा: प्राण्यांबद्दलची माया घरात शिकवता येते का?

अंगणवेल
परवा माझ्या सहा वर्षांच्या मुलाने एक चतुर पकडला आणि त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवत बसला. ओरडायला तोंड उघडलंच होतं, पण त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "त्याच्या पायांकडे बघ जरा." चतुर दमून दोऱ्याला लटकत होता आणि सहाही पाय हवेत चाचपडत होते. मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आई, त्याला धरायला काहीच मिळत नाहीये."

गाठ सुटेना, नखं कापायच्या कात्रीने दोरा तोडावा लागला. चतुर कुंडीच्या काठावर थोडा वेळ बसला आणि उडून गेला. रात्री त्याला सांगितलं की चतुराची पिल्लं कितीतरी महिने, काही जातींची तर वर्षानुवर्षं, पाण्यातच वाढतात. पंख फुटल्यावर बहुतेकांच्या वाट्याला जेमतेम काही आठवडे येतात. तो म्हणाला, "मग त्याची आजची दुपार मी घेतली."

"प्राण्यांवर दया करावी" हे वाक्य मी त्याला शंभरदा ऐकवलं असेल, उपयोग शून्य. समोरच्या जिवाला आत्ता काय हवंय हे मुलाला दिसायला लागलं की हात आपणहून सैल पडतो. आणि ते दाखवायची जागा घरच आहे, कारण पाल, मुंगी, मांजर, कोळी या सगळ्यांशी पहिली गाठ घरातच पडते. तुमचं काय मत?

सडेतोड
मला हे फार ताणलेलं वाटतं. मुलं किडे पकडतात, मुंग्यांच्या रांगेत बोट घालतात. ते कुतूहल आहे. मी लहानपणी यापेक्षा वाईट केलंय आणि आज माझ्या हातून कुणाला इजा होत नाही. वयाबरोबर सुटतं ते. "मी त्याची दुपार घेतली" असं सहा वर्षांचं मूल म्हणतं तेव्हा मला कौतुक नाही, काळजी वाटते. एवढं ओझं त्याच्या डोक्यावर कशाला?

शिशिर
कुतूहल असतं हे मान्य, पण आपोआप सुटतं हे नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1693 मध्येच मुलांच्या शिक्षणावर लिहिताना बजावलं होतं की लहान जिवांना छळायची सवय लागली की माणसांबद्दलही मन निबर होत जातं. त्याच लिखाणात एका आईचं कौतुक आहे: ती मुलींना हवे ते प्राणी-पक्षी पाळू द्यायची, पण त्यांची नीट देखभाल मुलींनीच करायची, हयगय झाली तर तो दोष मानला जायचा. पुढे 1987 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत प्राण्यांशी क्रूरपणा हे मुलांमधल्या गंभीर वर्तनविकाराच्या लक्षणांत घेतलं गेलं.

म्हणून चतुराला दोरा बांधणारं प्रत्येक पोर गुन्हेगार होईल असं कुणी समजू नये, ते खोटं आहे. फरक कुठे आहे तो बघा. दुखतंय हे कळल्यावर मूल थांबतं की आणखी करतं? सगळ्यांसमोर करतं की लपून? लपून आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर त्या मुलाला स्वतःला कुठून मार बसतोय का, हे आधी तपासा.

दोन_लेकरांची_आई
माझी बाजू वेगळी आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. माझी मुलगी चार वर्षांची असताना ओळखीच्या घरातल्या कुत्र्याने तिच्या गालाचा चावा घेतला. तो रस्त्यावरचा अनोळखी कुत्रा नव्हता. ती त्याला मिठी मारत होती. आम्हीच शिकवलं होतं, "भूभू आपला मित्र, त्याला माया कर." सहा टाके पडले.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे: आधी अंतर शिकवा, माया नंतर. रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के मुलं 15 वर्षांखालची असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चावल्यावर जखम साबण-पाण्याने सलग 15 मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत हवं. आम्हाला माहीत नव्हतं.

अंगणवेल
ताई, वाचून पोटात कालवलं. पण तुम्ही जे सांगताय तेच मला म्हणायचंय. मिठी आपल्याला आवडते, बहुतेक कुत्र्यांना ती अडकवल्यासारखी वाटते. कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, अंग ताठ होतं. "मला सोडा" हे तो चावण्याआधी इतक्या वेळा सांगत असतो. लहान मुलांना मात्र दात विचकलेला कुत्रा हसतोय असं वाटतं. ते वाचायला शिकवणं म्हणजेच माया. जेवणारा, झोपलेला, पिल्लांजवळचा कुत्रा तसाच राहू देणं हीसुद्धा.

दोन_लेकरांची_आई
मोठ्यांसाठी हे ठीक आहे. चार वर्षांच्या मुलाने पांढरा डोळा ओळखावा ही अपेक्षा मी ठेवणार नाही. तिथे मोठं माणूस हाताच्या अंतरावर असलंच पाहिजे. आम्ही त्या दिवशी पलीकडच्या खोलीत गप्पा मारत होतो.

नदीकाठ
सगळ्यात सोपं म्हणजे घरात एखादा प्राणी आणा. जबाबदारी आपोआप शिकतात मुलं.

बाबा_पहाटेचे
आपोआप काही होत नाही, आणि प्राणी हे शिकवायचं साधन नाही. लेकीच्या हट्टापायी ससा आणला. तिला तो उचलून छातीशी धरायचा होता. सशाला मात्र उचललं जाणं म्हणजे शिकाऱ्याच्या तोंडात सापडणं. तो मागचे पाय इतक्या जोरात झाडतो की नीट आधार नसेल तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. हे आम्हाला आणल्यावर कळलं. दोन महिन्यांत लेकीचा उत्साह ओसरला. ससा नऊ वर्षं जगला, आणि रोज पहाटे त्याची जागा मीच साफ केली.

एक मात्र बदललं. मी तिला जमिनीवर पालथं झोपून वाट बघायला सांगितलं. चौथ्या दिवशी तो स्वतः आला आणि तिच्या कोपराला नाक लावून गेला. त्यानंतर तिने त्याला कधी उचललं नाही. पण हे शिकायला ससा विकत आणायची गरज नव्हती. खिडकीतल्या पाखराकडे बघतानाही आलं असतं.

सडेतोड
बरं, मग खरा प्रश्न विचारतो. घरात उंदीर झाले की आपण विषाच्या वड्या ठेवतो. मुलाला चतुर सोडायला लावायचं आणि कपाटामागे विष ठेवायचं, हे मुलांना कळत नाही का? मला दुटप्पीपणा शिकवण्यापेक्षा न शिकवणं परवडतं.

अंगणवेल
प्रश्न रास्त आहे, याला बगल देणार नाही. त्या वड्यांमधल्या नेहमीच्या औषधाने उंदराचं रक्त गोठत नाही आणि आतल्या रक्तस्रावाने तो काही दिवसांनी मरतो. हे कळल्यापासून मी त्या आणत नाही. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही उंदराचं पिल्लू आत शिरतं, म्हणून आम्ही दोघांनी टॉर्च घेऊन भिंतीकडेने सगळी भोकं शोधली आणि बुजवली, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यांत भरलं. तरीही कधी मारावा लागला तर मी मुलाला खरं सांगेन: याच्यामुळे आपण आजारी पडू शकतो, म्हणून मारतेय, आणि कमीत कमी त्रास होईल असं मारतेय.

सडेतोड
आणि त्याने "का?" विचारलं तर?

अंगणवेल
विचारलंच. एक उंदीर पिंजऱ्यात सापडला, तो लांब नेऊन सोडला. परतताना म्हणाला, "त्याला इथलं काहीच माहीत नाही, मग तो खाणार काय?" मला उत्तर देता आलं नाही. त्याला तसंच सांगितलं.

दोन_लेकरांची_आई
माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. कुत्रा दिसला की अजूनही माझा हात घट्ट धरते. पण काल एक कुत्रा वाटेत झोपला होता, तर मला खुणेने गप्प करून तिने त्याला लांबून वळसा घातला. भीतीने घातला की त्याची झोप मोडू नये म्हणून, हे मी तिला विचारलं नाही.